ऑटोकॅडचं मॉडिफाय पॅनल: तेरा वर्षं वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

मोबाइलचे आणि एअर फ्रायरचे रिव्ह्यू सगळेच लिहितात, मी ज्याच्यासमोर रोज आठ-नऊ तास बसते त्याचा लिहिते. ऑटोकॅड म्हणजे कॉम्प्युटरवर घराबिरांचे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर. अख्ख्या ऑटोकॅडचा नाही हां, फक्त मॉडिफाय पॅनलचा, म्हणजे काढलेलं बदलायच्या बटणांच्या गटाचा. म्हणजे मूव्ह, कॉपी, ऑफसेट, ट्रिम, फिलेट, स्ट्रेच ही मंडळी. कारण खरं सांगू का, लाइन, पॉलिलाइन (एकसंध जोडलेल्या रेघा), सर्कल काढण्यात माझा दिवसातला अर्धा-पाऊण तास जात असेल, बाकीचा सगळा वेळ काढलेलं सरकवा, कापा, वाढवा, आणि मग क्लायंटच्या सासूबाईंना देवघर तिथं नकोय म्हणून परत होतं तिथं आणा, यातच जातो.

मी सांगलीत एका छोट्या आर्किटेक्ट ऑफिसात आहे, आयटीआयला ड्राफ्ट्समन सिव्हिलची दोन वर्षं केली, त्यात सुरुवात ड्रॉइंग बोर्ड आणि टी-स्क्वेअरवरच झाली त्यामुळे रेघ चुकली की काय होतं ते अंगठ्याला माहितीये. आमच्या ऑफिसातले जुने काका तर ट्रेसिंग पेपरवर शाईने काम केलेले, चुकलेली रेघ ब्लेडने खरवडायची, जास्त खरवडलं की कागदाला भोक आणि मग अख्खी शीट परत. ते अजून इरेज कमांड वापरताना सावकाश एंटर दाबतात, मला कळत नाही घाबरून की सवयीने. त्यांना मी एकदा ऊप्स कमांड दाखवली, म्हणजे शेवटचं जे पुसलंय ते परत येतं आणि मधे केलेलं बाकीचं काम तसंच राहतं, अनडूसारखं एकेक पाऊल मागे जावं लागत नाही, तर ते पाच मिनिटं नुसतं पुसतायत आणि परत आणतायत. त्या एका कमांडला पाचपैकी सहा.

तर आता मुद्द्याचं. ऑटोकॅड पहिल्यांदा आलं 1982 ला, म्हणजे माझ्या जन्माआधी, आणि त्याचं वागणं अजूनही त्या काळातल्या सरकारी क्लार्कसारखंच आहे, तुम्ही खिडकीशी गेलात की तो ठरलेल्या क्रमाने ठरलेले प्रश्न विचारणार, आणि उत्तर दिल्याशिवाय पुढे सरकणार नाही. काय हलवायचं? कुठून धरायचं? कुठं न्यायचं? मूव्ह असो, कॉपी असो, रोटेट स्केल स्ट्रेच काहीही असो, प्रश्न थोड्याफार फरकाने हेच. आणि हे प्रश्न तो खाली कमांड लाइनमध्ये लिहून दाखवतो. ज्याला हे कळलं तो सहा वाजता घरी जातो. नवीन पोरं येतात ती व्हिडिओ बघून शिकलेली असतात, सगळे आयकॉन पाठ, पण खालच्या ओळीकडे बघतच नाहीत, सॉफ्टवेअर विचारतंय बेस पॉइंट, म्हणजे कुठून धरायचं, आणि हे आपलं क्लिक करतायत दुसऱ्या भिंतीवर, मग "मॅडम हे उडालं कुठंतरी". उडालं नाही रे बाबा, तू सांगितलंस तिथंच गेलंय, झूम एक्स्टेंट्स मार म्हणजे सगळं ड्रॉइंग स्क्रीनवर येऊन दिसेल, पार मिरजेपर्यंत जाऊन बसलं असेल.

सिलेक्शनचंही तसंच. माउसने निवडायची खिडकी, म्हणजे चौकट, डावीकडून उजवीकडे ओढली तर निळी, फक्त पूर्ण आत आलेलं घेते. उजवीकडून डावीकडे ओढली तर हिरवी, नुसता स्पर्श झाला तरी घेते. हे एवढं एक वाक्य क्लासमध्ये पहिल्या दिवशी फळ्यावर लिहून ठेवलं पाहिजे, पण क्लासवाले पहिल्या दिवशी काय शिकवतात तर बॅकग्राउंडचा रंग कसा बदलायचा.

एक खोली काढून दाखवते म्हणजे पॅनलची खरी मजा कळेल. आतून 3000 बाय 3600 मिलिमीटरची खोली, नऊ इंची भिंत म्हणजे 230. रेक्टँगल काढला, ओ एंटर (ओ म्हणजे ऑफसेट, ठरलेल्या अंतरावर समांतर रेघ), 230 एंटर, रेक्टँगलवर क्लिक, बाहेरच्या बाजूला क्लिक, झाली भिंत, चारी कोपरे जुळलेले. पण हेच तुम्ही चार सुट्या रेघा काढून त्यांना एकेक करून ऑफसेट केलंत तर बाहेरच्या रेघा कोपऱ्यात एकमेकींना भेटतच नाहीत, प्रत्येक कोपऱ्यात एक छोटी फट. तिथं फिलेट. फिलेट म्हणजे खरं तर कोपरा गोल करायची कमांड, पण ड्राफ्ट्समन लोक ती शून्य रेडियसनेच जास्त वापरतात, एफ एंटर, पहिली रेघ, मग शिफ्ट दाबून धरून दुसरी रेघ, दोन्ही येऊन टोकाला टोक लागून काटकोन तयार. शिफ्टने तात्पुरता शून्य होतो, तुमचा आधीचा रेडियस तसाच राहतो. मला हे तिसऱ्या वर्षी कळलं, तोपर्यंत मी दर वेळी आर, शून्य, एंटर करत होते आणि मग बेसिनचा कोपरा गोल करायला परत आर, 50, एंटर. किती एंटर वाया गेले असतील देव जाणे.

आता दरवाजा. कोपऱ्यापासून भिंतीला आडवी जाणारी एक छोटी रेघ, ती मूव्हने 115 आत सरकवली, मग तिला 900 ऑफसेट, दोन जांब, म्हणजे दरवाजाच्या दोन बाजू, तयार, आता मधला भिंतीचा तुकडा उडवायचा. टीआर (ट्रिम) एंटर, दोन क्लिक. वीस सेकंद. बोर्डावर हेच म्हणजे पेन्सिल, खोडरबर, फुंकर आणि वर सरांचा चेहरा.

ट्रिमबद्दल मात्र थोडं बोलायचंय. 2021 च्या व्हर्जनपासून ट्रिम आणि एक्स्टेंड आपोआप क्विक मोडमध्ये चालतात. आधी कसं होतं, टीआर, एंटर, मग कापणाऱ्या कडा निवडा, परत एंटर, मग कापा. जाणकार लोक कडा न निवडता दोनदा एंटर मारायचे म्हणजे सगळंच कड समजलं जायचं. आता तो दुसरा एंटर लागतच नाही, सगळ्या रेघा आपोआप कडा, माउस दाबून ओढत नेला की वाटेत येईल ते कापत जातो, विळ्याने गवत कापल्यासारखं. खूप भारी आहे आणि मला आवडतं. पण एक खोच आहे, ज्या रेघेला कुठंच कड लागत नाही ती अख्खीच पुसली जाते, आणि बोटाच्या सवयीने तुम्ही दुसरा एंटर मारलात तर कमांडच संपते. काकांचे पहिले पंधरा दिवस शिव्या घालण्यात गेले. शेवटी मी त्यांच्या मशीनवर ट्रिमएक्स्टेंडमोड शून्य करून दिलं, जुनं वागणं परत आलं, ते खुश. माझ्याकडे ते एकवर आहे, मी खुश. दोन्ही ठेवलंय ऑटोकॅडवाल्यांनी हे बरं केलं. आणि ट्रिम चालू असताना शिफ्ट दाबलं की तीच कमांड एक्स्टेंड होते, एक्स्टेंडमध्ये शिफ्ट दाबलं की ट्रिम, त्यामुळे मी ईएक्स शेवटचं कधी टाइप केलं ते मला आठवत पण नाही.

बरं, आता माझी सगळ्यात लाडकी. स्ट्रेच. क्लायंट येतो, प्लॅनवर बोट ठेवतो आणि म्हणतो, "हा हॉल एक फूट मोठा करता येईल ना, तुमच्या कॉम्प्युटरवर काय, एक बटण." आणि गंमत म्हणजे खरंच एक बटण आहे, पण हे त्याला कधी सांगायचं नाही, नाहीतर फी कमी करायला सांगेल. एस एंटर, उजवीकडून डावीकडे हिरवी खिडकी, अशी ओढायची की हॉलची उजवी भिंत आणि तिच्यापलीकडचं सगळं पूर्ण आत येईल आणि आडव्या रेघा फक्त अर्ध्याच आत येतील. एंटर. बेस पॉइंट कुठंही. एफ 8 चालू (म्हणजे फक्त सरळ आडवं-उभंच सरकतं), कर्सर उजवीकडे, 300, एंटर. भिंत सरकते, तिच्यातली खिडकी सरकते, पलीकडची बेडरूम अख्खी सरकते, आडव्या रेघा लांब होतात आणि वरचं डायमेंशन, म्हणजे लिहिलेलं माप, 3000 चं 3300 होतं, हे सगळं एका झटक्यात, मला तेरा वर्षांनी पण बघताना बरं वाटतं. सर्कल, टेक्स्ट, ब्लॉक (सोफ्यासारखं एकत्र बांधलेलं तयार चित्र) हे मात्र ताणले जात नाहीत, त्यांचा मध्य किंवा इन्सर्शन पॉइंट खिडकीत असेल तर सरकतात नाहीतर जागचे हलत नाहीत. म्हणून हॉल वाढवल्यावर सोफा कधीकधी अर्धा भिंतीत घुसलेला दिसतो, तो स्ट्रेचचा दोष नाही.

आणि डायमेंशन बदलतं म्हटलं ना, ते तेव्हाच जेव्हा ते खरं डायमेंशन असतं. एका जुन्या ऑफिसात (नाव नको) कुणीतरी घाईत आकडा हाताने टाइप करून ठेवला होता, रेघ 2950 ची आणि वर लिहिलेलं 3000, गोल आकडा छान दिसतो म्हणून. मी स्ट्रेच मारला, बाकी सगळे आकडे बदलले, हा पठ्ठ्या 3000 वरच ठाम. प्रिंट साइटवर गेली, मिस्त्रीने फक्की टाकायला घेतली आणि त्याची बेरीज जुळेना. नशीब तो मिस्त्री बेरीज करणारा होता. त्याने फोन करून विचारलं, "ताई, तुमच्या खोल्या मोठ्या आहेत का प्लॉट लहान आहे?"

एक्स्प्लोडबद्दल म्हणून मला राग आहे. एक्स्प्लोड म्हणजे एकत्र बांधलेली वस्तू फोडून सुटी करणारी कमांड. राग कमांडवर नाही, वापरणाऱ्यांवर. एक्स हे अक्षर बोटाखाली इतकं सोयीचं आलंय की लोकांना काही एडिट होईना झालं की पहिलं एक्स मारतात. डायमेंशनला मारलं की त्याच्या नुसत्या रेघा आणि अक्षरं होतात, मेलेलं डायमेंशन, परत कधी बदलणार नाही. हॅचला, म्हणजे आत भरलेल्या रेघांच्या नक्षीला, मारलं की हजारो बारीक रेघा आणि फाइल जड. ब्लॉकला मारलं की एका जागी बदलून सगळीकडे बदलण्याची सोय त्या एका ब्लॉकपुरती गेली. पाचपैकी दोन देते, ते पण कधीकधी लागतं म्हणून.

मिरर. जुळे फ्लॅट काढायला याच्यासारखं काही नाही, अर्धा मजला काढा, एमआय, जिन्याच्या मध्यातून रेघ, "मूळ पुसू का" विचारतो त्याला नको म्हणून एंटर, उरलेला अर्धा मजला तयार. पूर्वी अक्षरं पण उलटी व्हायची, ॲम्ब्युलन्सच्या पुढच्या बाजूला लिहिलेली असतात तशी, आता मिररटेक्स्ट (MIRRTEXT) हे सेटिंग मुळातच शून्यावर असतं त्यामुळे अक्षरं सरळ राहतात, जुन्या फाइलमध्ये उलटी झाली तर ते शून्य करून घ्यायचं. पण मिररला वास्तुशास्त्र कळत नाही हे लक्षात ठेवा. एका फ्लॅटचं किचन आग्नेयेला मस्त बसवलेलं असतं, उभ्या रेघेतून मिरर मारला की शेजारच्याचं किचन थेट नैऋत्येला. सेल्सवाले येऊन माझ्यासमोर उभे, "मॅडम हा फ्लॅट कुणी घेईना". मी काय करू, आरसा आहे तो.

स्केलमध्ये रेफरन्स नावाचा पर्याय आहे तो न वापरता जे लोक कॅल्क्युलेटर घेऊन बसतात त्यांच्यासाठी जीव तुटतो माझा. लोक जुन्या नकाशाचा फोटो काढून पाठवतात, तिरका, कुठल्याही मापाचा. तो आत आणायचा, एससी, एंटर, फोटो निवडा, एंटर, ज्या भिंतीचं माप आपल्याला पक्कं माहितीये तिच्या एका टोकाला बेस पॉइंट, आर, एंटर, मग तेच टोक आणि दुसरं टोक क्लिक, आणि आता खरं माप टाका, 3450, एंटर. गुणाकार भागाकार तो करतो. रोटेटमध्ये पण असाच रेफरन्स आहे, तिरका प्लॉट सरळ करायला. आणि दोन्ही एकदम हवं असेल तर अलाइन. फोटोतलं माप हे फोटोतलंच, लेन्सने कडा वाकवलेल्या असतात, त्यावरून कॉलमचं सेंटर काढू नका एवढंच. टेपने मोजून आणा.

कॉपी ठीक. सीओ लक्षात ठेवा, नुसतं सी नाही, सी म्हणजे सर्कल. दर वर्षी नवीन ट्रेनी आला की पहिल्या आठवड्यात त्याच्या ड्रॉइंगमध्ये कुठंतरी एक भलामोठा नको असलेला गोल असतोच, कॉपी करायला गेलेला आणि एस्केप न मारता घाबरून एंटर मारलेला. असली शॉर्टकट अक्षरं एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असतात, एकॅड डॉट पीजीपी, ती बदलता येते, मी माझ्याकडे कॉपीला दोनदा सी केलंय कारण डावा हात तिथंच असतो. पण मग दुसऱ्याच्या मशीनवर बसलं की हात अडखळतो, दुसऱ्याच्या स्कूटरवर बसल्यासारखं.

ॲरे, म्हणजे एकाच वस्तूच्या सारख्या अंतरावर ओळीने प्रती. जिन्याच्या पायऱ्या, ग्रिल, पार्किंगचे पट्टे, प्रेक्षागृहाच्या खुर्च्या. 250 च्या दहा पायऱ्या एकदाच. 2012 पासून ॲरे एकत्र बांधलेली एक वस्तू म्हणून येते, नंतर आकडा बदलता येतो, बाराच्या चौदा पायऱ्या करता येतात, हे चांगलंय. पण एकच पायरी वेगळी करायची असेल तर ती सुटी पकडायला कंट्रोल दाबून क्लिक करावं लागतं हे कुणी सांगितलं नसेल तर माणूस सरळ एक्स मारतो आणि परत वरचं एक्स्प्लोडचं रडगाणं. जुना डायलॉग बॉक्स हवा असेल त्यांनी ॲरेक्लासिक टाइप करावं, येतो तो. साडेतीन.

जॉइन आणि ओव्हरकिल ही दोन नावं कुणी घेत नाही म्हणून मी घेते. कार्पेट एरिया काढायला बंद पॉलिलाइन लागते, सुट्या रेघा जॉइनने (जे अक्षर, एंटर) जोडून घ्यायच्या, एका कोपऱ्यात अर्धा मिलिमीटर फट असेल तरी ती बंद होत नाही आणि मग तुम्ही संध्याकाळी सात वाजता झूम करून फट शोधत बसता. ओव्हरकिल म्हणजे एकावर एक पडलेल्या दुहेरी रेघा साफ करणारी. स्क्रीनवर दिसत नाही, प्रिंटमध्ये दिसत नाही, मग काय फरक पडतो असं मला पण वाटायचं. मग एकदा गेटची जाळी लेझर कटिंगला दिली, डिझाइन कॉपी करताना दोनदा एकाच जागी बसलं होतं, मशीनने इमानेइतबारे प्रत्येक फूल दोनदा कापलं, पत्र्याच्या कडा जळून काळ्या. कटिंगवाल्या दादांनी पैसे पण कापण्याच्या लांबीवर लावले, म्हणजे दुप्पट. तेव्हापासून बाहेर जाणारी प्रत्येक फाइल आधी ओव्हरकिल.

आता माझी सगळ्यात मोठी फजिती सांगते कारण ती पण याच पॅनलची. प्लॅन टायटल ब्लॉकमध्ये नीट बसत नव्हता म्हणून अख्खा चार मीटर डावीकडे न्यायचा होता. एम एंटर, ऑल एंटर, ऑल म्हणजे सगळं असं मी समजत होते. प्लंबिंगचा लेयर, म्हणजे ड्रॉइंगमधला पाइपांचा वेगळा थर, मी आधी फ्रीझ करून लपवून ठेवला होता, गर्दी दिसते म्हणून. ऑलमध्ये फ्रीझ केलेलं येत नाही. लॉक केलेल्या लेयरचं निदान खाली लिहून तरी येतं की इतक्या गोष्टी लॉक होत्या, फ्रीझचं अवाक्षर नाही. लेयर नुसता ऑफ केलेला असता तर ऑलमध्ये आला असता, हा फरक मला त्या दिवशी कळला. प्लॅन गेला डावीकडे, पाइप राहिले जागेवर, मी संध्याकाळी प्लंबिंग थॉ केलं, म्हणजे फ्रीझ काढलं, न बघता प्रिंट दिली, घरी गेले. सकाळी सर काही बोलले नाहीत. प्रिंट माझ्या टेबलावर होती आणि हॉलच्या मधोमध, टीव्हीच्या समोर, कमोडला लाल पेनने गोल केलेला.

विकत घ्यावं का? 2016 पासून नवीन कायमचं लायसन्स मिळत नाही, वर्षाचं किंवा महिन्याचं भाडं भरायचं, एकट्या माणसाला ते जड जातं हे खरंय. विद्यार्थ्यांना एक वर्ष फुकट मिळतं आणि शिक्षण चालू असेपर्यंत वाढवून घेता येतं, पण त्यावर ऑफिसचं काम करायचं नाही. ब्रिक्सकॅड, झेडडब्ल्यूकॅड, जीस्टारकॅड या ऑटोकॅडसारख्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पण याच नावाच्या कमांडी आहेत, शॉर्टकट पण बहुतेक हेच, त्यामुळे इथं बसलेला हात तिथं वाया जात नाही. शिकायचं असेल तर आयकॉन झाकून ठेवा, ओ, टीआर, एफ, एस एवढी चार महिनाभर फक्त टाइप करून वापरा, आणि परत तेच हवं असेल तर टाइप पण करू नका, स्पेसबार दाबा, शेवटची कमांड परत येते. माझ्या कीबोर्डवरच्या स्पेसबारचा डाव्या अंगठ्याखालचा भाग गुळगुळीत होऊन चकाकतोय, बाकी सगळा खरखरीत.